सिस्टर हजर आहेत

हे खरे आहे काय?

विधानसभेत आमदार जो तारांकित प्रश्न विचारतात, त्यातला मुद्दा न् मुद्दा याच शब्दांवर येऊन थांबतो. उत्तर मंत्री देतात, असं तुम्हाला वाटतं. मंत्री फक्त वाचतात. ते लिहितो माझ्यासारखा जिल्ह्यातला एखादा कारकून. मी तेवीस वर्षं लिहितोय. "हे खरे नाही." एवढंच.

आज पहिल्यांदा उलटं लिहितो. पुढं जे सांगणार आहे, ते खरं आहे.

भुताची गोष्ट म्हटली की अमावास्या आणि मध्यरात्र लागते, असं मानणाऱ्यांनी हे वाचलंच पाहिजे. इथं रात्र नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. डिसेंबर महिना, जालना जिल्हा, दोन वाजून चाळीस मिनिटं.

माझं नाव कल्याण. आडनाव आणि कार्यालयाचं नाव लिहीत नाही. आरोग्याच्या माणसांची आस्थापना माझ्या टेबलवर असते. म्हणजे कोण कुठं नेमलेलं, कोणती जागा रिकामी, कोण निवृत्त, कोण मेलं.

कोण मेलं... हे माझ्याच टेबलवर असतं. हे लक्षात ठेवा.

वडीगोद्रीच्या पुढं, आतल्या रस्त्याला एक गाव आहे. तिथं आरोग्य उपकेंद्र आहे, दोन खोल्यांचं. वर्षाराणी नावाची सिस्टर तिथं होती. तीस-बत्तीस वर्षांची, मेंढपाळांच्या घरातली, घरात पहिलीच शिकलेली. मला भाऊ म्हणायची. शेजारच्या दोन उपकेंद्रांना सिस्टर नव्हती, म्हणून तिथला अतिरिक्त कार्यभारही तिच्याकडंच. तीन गावं, एक बाई, एक स्कूटी.

मागच्या मार्चमध्ये एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्राकडं जाताना हायवेला ट्रकनं तिला उडवलं. जागच्या जागी गेली.

पंचनाम्यातला फोटो मी पाहिलाय. रस्त्यावर एक चप्पल पडलेली. डाव्या पायाची.

तिची फाईल तालुक्याहून माझ्याकडं आली. सोबत उपकेंद्राच्या कुलपाची किल्लीही आली. फाईल वर पाठवायची, तिचं नाव यादीतून कमी करायचं आणि जागा रिक्त दाखवायची, एवढंच काम होतं.

नऊ महिने ती फाईल माझ्या कपाटात होती. कारण विचारू नका. सगळ्या फायली जशा असतात तशीच होती.

तिची आई साखराबाई तीनदा कार्यालयात आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा माझ्या टेबलसमोर खाली फरशीवरच बसली.

"साहेब, पोरीचं नाव काढा ओ तेवढं."

"काढतो आजी. साहेबांची सही राहिलीय."

"रोज सपनात येऊन राह्यली. म्हन्ती, आई, अजून ड्युटी सुटली न्हाई."

मी तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मला राग आला होता. तिचा नाही, तिनं माझ्या टेबलसमोर खाली बसण्याचा. माझा स्वभाव हा असा.

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन लागलं आणि तो प्रश्न आला. सदर उपकेंद्रातील आरोग्य सेविकेचे पद मार्चपासून रिक्त आहे, हे खरे आहे काय? असल्यास महिलांची प्रसूतीसाठी गैरसोय होत आहे, हेही खरे आहे काय? पद न भरण्याची कारणे काय?

माहिती आजच्या आज हवी. ती नेहमीच आजच्या आज हवी असते. माणूस मरून नऊ महिने झाले तरी चालतात, पण उत्तर दोन तासांत पाहिजे.

मी "होय, हे खरे आहे" असं लिहून राधेश्याम साहेबांपुढं ठेवलं. ते माझ्यावरचे अधिकारी. त्यांनी चष्मा काढला.

"कल्याणराव, रिक्त लिहिलं की का भरलं नाही विचारतील. भरलं नाही लिहिलं की फाईल कुठंय विचारतील. फाईल कुठंय?"

मी कपाटाकडं पाहिलं.

"यादीत नाव आहे ना बाईचं? मग पद भरलेलं आहे. मागच्या वर्षीचं उत्तर काढा, तारीख बदला. आणि फोन लावून खात्री केली असं टिपणीत लिहा. बराबर वाटतं."

आमच्याकडं हे असंच चालतं. मागचं उत्तर काढायचं, तारीख बदलायची. मी तसंच केलं. पण टिपणीत "फोन लावला" असं लिहिताना हात अडला. निदान एवढं तरी खोटं नको, असं वाटलं. माणूस म्हैस गिळतो आणि शेपटाला अडतो.

तिच्या सरकारी सिमचा अपघातात चुरा झाला होता. तरी मी नंबर लावला. लागणार नाही, हे माहीत होतं म्हणूनच लावला.

भिंतीवरच्या घड्याळात दोन चाळीस झाले होते.

रिंग गेली.

एकदा... दोनदा... तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला.

पलीकडं पंखा फिरत होता. त्याचं पातं कशाला तरी घासत होतं, खर्र... खर्र... नळातून पाणी ठिबकत होतं.

मग आवाज आला. दमलेला.

"हजर आहे, भाऊ."

मी फोन ठेवला. नंबर दुसऱ्या कुणाला दिला असेल, असं मी मनाला सांगितलं. पण त्या दुसऱ्या कुणी मला भाऊ का म्हणावं?

तरीही मी टाइप केलं. "हे खरे नाही. आरोग्य सेविका मुख्यालयी हजर असल्याची दूरध्वनीवरून खात्री केली आहे. उर्वरित प्रश्न उद्भवत नाहीत."

चार दिवसांनी मंत्री सभागृहात उभे राहिले. आम्ही कार्यालयात मोबाइलवर बघत होतो. आमदारानं उपप्रश्न विचारला. मंत्र्यांनी कागदाकडं पाहिलं आणि वर दोन वाक्यं पदरची घातली. सिस्टर तिथंच राहतात. चोवीस तास बाळंतपणं होतात. उचलली जीभ लावली टाळ्याला. बाकं वाजली. राधेश्याम साहेबांनी पेढे मागवले.

मी पेढा खाल्ला. हेही खरं आहे.

आता जे सांगतो, त्यानं माझी झोप गेली.

माझी सख्खी भाची आकांक्षा त्याच गावात दिलेली आहे. नववा महिना लागला होता. तिला जालन्याला आणायचं ठरलेलं होतं. त्या भाषणाचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर फिरला आणि तिच्या सासूचा, उषाबाईंचा फोन आला.

"भाऊ, आता कशाला नेता तिला? मंत्रीच म्हन्ले की, सिस्टर हाय. नवी आली असंल."

"तरी आणाच तिला," मी म्हणालो.

"का? न्हाई का सिस्टर?"

मी काय बोलणार होतो? ते उत्तर मीच लिहिलंय आणि नवी कुणी आलेलीच नाही, असं सांगायला तोंड लागतं. "आहे," मी म्हणालो. "पण इथं दवाखाना मोठा आहे."

"मंग बघू पुढच्या आठवड्यात."

पुढचा आठवडा आलाच नाही. तिसऱ्या दिवशी दीडच्या सुमारास जावयाचा, भागवतचा फोन आला. कळा अवेळी सुरू झाल्या होत्या. रुग्णवाहिका दुसरीकडं गेली होती.

"मामा, काळजी करू नका. तिला उपकेंद्रावर आनलंय. सिस्टरनं आत घेतलं."

"कोणी?"

"सिस्टरनं. नवीच असंल, तोंडाला मास्क व्हता. दार उघडंच व्हतं. आम्हाला भायेर थांबवलं अन् दार लोटून घेतलं."

मी ड्रॉवर उघडला. किल्ली तिथंच होती. ती खिशात टाकली.

मोटरसायकल कशी हाणली ते आठवत नाही. अंबड कधी मागं पडलं कळलं नाही. डोक्यात एकच चाललं होतं. पोरीला काही झालं, तर तो खून माझ्या सहीचा आहे.

पोचलो. भागवत आणि उषाबाई पायरीवर बसलेले. मी दाराकडं पाहिलं आणि जागीच थांबलो.

दाराला कुलूप होतं.

बाहेरून. गंजलेलं. कडीकोयंड्यात कोळ्यानं जाळं विणलेलं.

"भागवत... हे काय?"

त्यानं पाहिलं. तो त्या दाराला पाठ लावून तासभर बसला होता.

"उघडं व्हतं, मामा. आईची आन. उघडंच व्हतं."

मी किल्ली घातली. फिरेना. दगड घेतला, कुलपावर दोन घाव घातले...

आणि आतून बाळ रडलं.

मी घड्याळ पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती.

कुलूप निघालं. आत धुळीचा वास. भिंतीवर मार्च महिन्याचं कॅलेंडर. पंखा फिरत होता, खर्र... खर्र... वीज तोडून सात महिने झाले होते. आम्ही आत आलो तसा तो हळूहळू थांबला.

आकांक्षा टेबलवर पडून होती. शुद्धीत. कुशीत मुलगी, स्वच्छ पुसलेली, नाळ नीट बांधलेली.

खोलीत दुसरं कुणीच नव्हतं.

फरशीवर बोटभर धूळ होती. त्यात आकांक्षाच्या अनवाणी पावलांचे ठसे, दारापासून टेबलपर्यंत. आणि टेबलाभोवती चपलेचे. कितीतरी. फक्त उजव्या पायाचे.

डावा पाय कुठंच उमटला नव्हता.

"मामा," आकांक्षा म्हणाली, "सिस्टर कुठं गेल्या? लई गार हात व्हते त्यांचे. तुमच्यासाठी निरोप दिलाय."

"काय?"

"म्हन्ल्या, कल्याणभाऊंना सांग, मला कार्यमुक्त करा. लई दमले."

उषाबाईंनी बाळाला पदरात घेतलं आणि त्या दाराबाहेर धावत सुटल्या.

टेबलवर बाळंतपणाचं रजिस्टर उघडं होतं. आईचं नाव, मुलगी, वेळ दोन चाळीस. अक्षर वर्षाराणीचं. शाई ओली.

त्याच संध्याकाळी मी कपाटातून फाईल काढली. मार्चमधल्या त्या तारखेपासून कार्यमुक्त, नाव कमी, पद रिक्त, असा आदेश टाइप केला आणि साहेबांपुढं आपटला. त्यांना सगळं सांगितलं. आवाज चढला होता माझा.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मंत्र्यांनी सभागृहात सांगितलंय, बाई हजर आहे. आता आपण तिला मार्चपासून मेलेली दाखवायची? हक्कभंग येईल. तुम्ही जाल, मी जाईन. अधिवेशन होऊन जाऊ द्या."

"साहेब, ती मेलीय."

"ते मला माहीत आहे. सभागृहाला माहीत नाही." मग जरा थांबून, "बाळंतपण झालं ना पण? नोंद घ्या त्याची. कामाला येईल."

अधिवेशन होऊन गेलं. फाईल परत कपाटात.

जानेवारीत त्या उपकेंद्रात अजून दोन बायका बाळंत झाल्या. भागवतनं गावात खरं सांगितलं, पण बहुतेकांना ते पटलं नाही. ज्यांना पटलं, त्यांनीही बायका नेल्याच. जवळ दुसरं काही नाही. मेलेली का होईना, सिस्टर आहे.

मार्चमध्ये मुंबईचं अधिवेशन लागलं. परत प्रश्न आला, या वेळी तिन्ही केंद्रांबद्दल. शेजारच्या दोन गावांत वर्षभर सिस्टर नाही, हे खरे आहे काय?

साहेब हसले. "हिच्याकडंच होता ना दोन्हीकडचा कार्यभार? मग तसंच लिहा. हजर आहे, काम करते, रजिस्टरला नोंदी आहेत."

मी नाही म्हणायला हवं होतं. तोंडावर कागद फेकायला हवा होता. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. घरी एक लेक लग्नाची आहे.

मी टाइप केलं. माझ्या हातांनी. "हे खरे नाही. उक्त तिन्ही उपकेंद्रांत आरोग्य सेविका श्रीमती वर्षाराणी सेवा देत आहेत."

मंत्र्यांनी परवा ते वाचलं. बाकं वाजली.

तेव्हापासून रोज दुपारी दोन चाळीसला माझा फोन वाजतो. तोच नंबर. काल उचलला तेव्हा पलीकडं वारा होता, आणि स्कूटी सुरू होत नव्हती. किक मारल्याचा आवाज... परत... परत...

"भाऊ, आज दोन गावांत एकदमच आल्या बायका. एकटीनं कुठंकुठं जाऊ?"

मी म्हणालो, "वर्षा, माझं चुकलं."

पलीकडं परत किक मारल्याचा आवाज सुरू झाला.

आज सुटी आहे. घरी बसून हे लिहीत होतो, तेवढ्यात फोन वाजला. दोन चाळीस. उचलला. ती बोलली नाही. फक्त एक बाई कण्हत होती, कुठल्यातरी बंद खोलीत. कोण, कुठल्या गावची, मला माहीत नाही. पंख्याचा आवाज होता. मग तोही थांबला.

ती बाई ओरडली आणि गप्प झाली.

मी अजून फोन कानाला लावून बसलोय. उजव्या हातानं हे लिहितोय. दहा मिनिटं झाली.

बाळ अजून रडलेलं नाही.