आईच्या भोंग्याची खरी पट्टी

आईचा भोंगा येताना हसतो आणि जाताना रडतो, असं शाल्मलीचं ठाम मत होतं.

आता यात तिचं काय चुकलं, तुम्हीच सांगा! पवनमाळावर होतंच काय? पवनचक्क्या, त्यांची देखभाल करणारे आजोबा, दुखलंखुपलं बघणारा धन्वा नावाचा यंत्रमानव आणि शाल्मली. बास! शाळा पडद्यावर, मैत्रिणीही पडद्यावरच. आई उन्हावर धावणारी मालगाडी चालवायची. रोज संध्याकाळी ती गाडी घरासमोरून जायची, पण तिथे ना स्टेशन, ना थांबा. म्हणून आई लांबूनच भोंगा दाबायची, तो घर बरंच मागे पडेपर्यंत सोडायची नाही. शाल्मली कुंपणाला लटकून हात हलवत राहायची. येताना भोंगा वरच्या पट्टीत, खुशीत. गाडी पुढे गेली रे गेली की आवाज खाली उतरायचा, अगदी रडवेला. मग शाल्मलीला घास गिळवत नसे.

"भोंगा बदलत नाही गं, वेडाबाई," आजोबा म्हणायचे. "गाडी तुझ्याकडे येते तेव्हा आवाजाच्या लाटा दाटीवाटीने कानावर येतात. म्हणजे कंप्रता (दर सेकंदाला येणाऱ्या लाटांची संख्या) वाढते आणि आवाज बारीक होतो. गाडी लांब जायला लागली की लाटा विरळ होतात, आवाज जाडा होतो. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात."

"आणि अगदी समोर असताना?"

"तेव्हा ती ना जवळ येते, ना लांब जाते. क्षणभर भोंग्याची खरी पट्टी ऐकू येते."

शाल्मली मान डोलवायची, पण मनातून तिला पटायचं नाही. लाटा असतील, पण आई रडवेली नसेल कशावरून?

एका संध्याकाळी, गाडी यायच्या आधी, आजोबा पवनचक्कीच्या शिडीवरून घसरले. त्यांना सावरताना धन्वाचा तपासणीचा हातच मोडला. आजोबांचं हाड शाबूत होतं, पण गुडघा टम्म सुजला, पाऊल गार पडलं आणि पावलावरची नाडी काही हाताला लागेना.

"पावलापर्यंत रक्त पोचतंय का ते बघायला हवं," धन्वा म्हणाला. "पोचत नसेल तर ताबडतोब शस्त्रक्रिया. उशीर झाला तर पाय गमवावा लागेल."

आजोबांनाही घेऊन गेले, तर या माळावर शाल्मलीचं कोण उरणार होतं?

धन्वाकडच्या डॉप्लर यंत्राची कांडी तिलाच धरावी लागली. धन्वा समजावू लागला, "ही कांडी श्राव्यातीत ध्वनी (कानाला ऐकू न येणारा, फार वरच्या पट्टीचा आवाज) आत सोडते. धमनीतल्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळीतल्या) तांबड्या पेशींवर आपटून तो परत येतो. पेशी धावत असल्या की त्याची कंप्रता बदलते. फरक जितका मोठा, तितका रक्ताचा वेग जास्त. तो फरक यंत्र आपल्याला ऐकवतं."

तिने पावलावर चिकट जेल लावलं, कारण कांडी आणि कातडी यांच्यात हवा राहिली तर आवाज आत शिरत नाही. मग कांडी टेकवली, अगदी सरळ, काटकोनात. माळावर प्रत्येक हत्यार तसंच धरायचं, वाकडं धरलं की पेच मोडतो, हे आजोबांनीच तिच्या हाडीमाशी खिळवलं होतं.

यंत्र गप्प.

"प्रवाह शून्य," धन्वा म्हणाला. कांडीचा कोन कळायची सोय त्याच्या मोडक्या हातातच होती. "हवाई रुग्णवाहिका बोलावतो."

"बोलाव," शाल्मली कशीबशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले. आजोबा हसायचा प्रयत्न करत होते, पण ते काही जमत नव्हतं.

तेवढ्यात भोंगा वाजला. आज पहिल्यांदाच ती कुंपणाकडे धावली नाही. बारीक आवाज जवळ येत गेला, गाडी घरासमोर आली आणि क्षणभर भोंगा ना बारीक, ना जाडा.

"अगं बाई! धन्वा, मी कांडी आडवीच पकडलीय की!"

"सरळ आहे की," आजोबा पुटपुटले.

"रक्ताला आडवी! रक्त माझ्या समोरून चाललंय, ना जवळ येतंय, ना लांब जातंय. मग फरक दिसणार कसा?"

तिने कांडी तिरकी केली, थोडी इकडे, थोडी तिकडे. आणि यंत्रातून आवाज आला, हूश्श... हूश्श... हूश्श...

"ऐकलंस? म्हातारा अजून चालू आहे!" आजोबा म्हणाले आणि शाल्मली त्यांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली.

शहरातल्या डॉक्टरांनी पडद्यावरून तो आवाज ऐकला, पाय नीट पाहिला. सूज होती, पण रक्त व्यवस्थित पोचत होतं. "रुग्णवाहिका नको, घरीच राहू द्या," ते म्हणाले. "दर तासाला पुन्हा ऐका, आणि कांडी तिरकी धरा बरं का!" कोन दाखवणारी कांडी आपणच बनवायची, जिथे जवळ डॉक्टर नाही तिथल्या सगळ्यांसाठी, असं शाल्मलीने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

थोड्या वेळाने आईचा फोन आला. "कुंपणापाशी दिसली नाहीस, जीव नुसता उडाला गं माझा!"

शाल्मलीने सगळं सांगितलं. मग जरा घुटमळून विचारलं, "आई, घर मागे पडलं की तुला भोंगा कसा ऐकू येतो?"

"कसा म्हणजे? मी गाडीतच असते ना बाळा. येताना असतो तसाच जाताना. माझ्यासाठी तो बदलतच नाही."

फोन ठेवून शाल्मलीने आजोबांच्या ताटाशेजारी आपलंही ताट घेतलं आणि ती पोटभर जेवली.