तीन पत्रं गेली कुठे?

"आजार माझ्या आतड्यांचा. मग इस्पितळाला माझ्या कातडीशी काय घेणंदेणं?"

पाट्या रंगवणारा पेंटर मान खाजवत बोलत होता. मानेवर खपली धरलेला डाग होता.

"काल फोन आला. म्हणे, कातडीच्या तपासणीसाठी दोन महिन्यांत तीन पत्रं पाठवली. मला एकही मिळालं नाही! पत्रपेटीच्या किल्ल्या दोनच. एक बायकोकडे, एक धाकट्या भावाकडे. आणि भाऊ मला धंद्यातून उठवायला बघतोय."

"कसा?" गुप्तहेर बाईंनी विचारलं. त्यांचे दीर शेजारी टिपणं घेत होते.

"दोन महिने उन्हातल्या भिंती रंगवायचं काम स्वतःच घेतो. मला दुकानात बसवतो."

"भाऊच चोर," दीर जिना उतरताना पुटपुटले.

पेंटरची बायको दारातच फणफणली. "परवाच भांडले मी भावजींशी! ह्यांना भिंतींवर का चढू देत नाही म्हणून. अकरा वर्षं ह्यांच्या गोळ्या मी सांभाळतेय. एकदा गोळ्यांच्या पाकिटातला दुष्परिणामांचा कागद वाचून घाबरले, गोळ्या सोडल्या, आणि रक्त जाऊन मरता मरता वाचले."

दुकानात पश्चिमेच्या खिडकीला ताडपत्री ठोकलेली होती.

"उन्हानं रंग विटतात," धाकटा भाऊ नजर चुकवत म्हणाला.

रंगाचे डबे मात्र आतल्या खोलीत होते. खिडकीशी फक्त पेंटरचं टेबल.

बाईंनी पेंटरला इस्पितळात फोन लावायला सांगितला, डॉक्टरांचं बोलणं ऐकलं आणि तिघांना समोर बसवलं.

"आतड्यांची जुनी सूज, त्यात प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या. अशा माणसाला कातडीच्या कॅन्सरचा धोका जास्त, उन्हानं आणखी वाढतो. पत्रांत हेच होतं. ते वाचलेली बायको नवऱ्याला उन्हात पाठवा म्हणून भांडेल?"

"म्हणजे भाऊच! धंद्यासाठी!" दीर म्हणाले.

"भाऊच. पण भावजी, धंदा बळकावणारा भावाच्या टेबलावर सावली कशाला धरेल?"

धाकटा म्हणाला, "कॅन्सर शब्द वाचून दादा पुन्हा गोळ्या सोडेल, असं वाटलं. मागच्या वेळी मीच त्याला उचलून नेलं होतं. म्हटलं, सावलीत ठेवला की झालं."

"नाही झालं. मानेवरचा डाग दोन महिने तपासणीवाचून राहिला. गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही दोघं नव्हे."

पेंटरनं हात पुढे केला. "माझी पत्रं दे." तिन्ही त्यानं उभ्यानंच वाचली. "उद्या माझ्याबरोबर यायचं. जे सांगतील ते माझ्यासमोर ऐकायचं."

डाग कॅन्सरचाच निघाला, पण लहान होता. पूर्ण काढता आला.

शस्त्रक्रियेनंतर पेंटर बाहेर आला, तेव्हा भाऊ भिंतीशी उभा होता. त्याला ओलांडून तो सरळ जिन्याकडे गेला. जिन्यावर चक्कर आली, तेव्हा मात्र त्यानं खांदा धरला तो भावाचाच.