कपाटाचं कुलूप

लिहिण्यात चुका असतील, ऱ्हस्व-दीर्घ तर नक्कीच चुकलं असेल, त्याबद्दल आधीच माफी मागतो. शाळा नववीतच सुटली, त्यामुळं शब्दही साधेच येतात. पण तासगावच्या पलीकडं मळ्यात राहणाऱ्या वीरधवलच्या घरी गेल्या खंडेनवमीला जे झालं, ते त्याच्याच तोंडून ऐकलंय. दिवा जरा जवळ घ्या, सांगतो.

वीरधवलच्या घरी दोन नळ्यांची बंदूक होती. रानडुकरं मका उकरतात म्हणून त्याच्या वडिलांनी, लालासाहेबांनी, परवाना काढलेला. लालासाहेब पलटणीत राहून आलेला माणूस. बंदुकीच्या नळ्या आणि लाकडी दस्ता वेगळे करून, तेलाच्या फडक्यात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवायचे. काडतुसं माळ्यावरच्या ट्रंकेत. किल्ली कमरेच्या करगोट्याला. रोज दिवेलागणीला कपाटाचं कुलूप दोनदा ओढून बघायचे. खट्... खट्. तो आवाज झाला की त्यांची बायको आक्काताई देवापुढं दिवा लावायची.

खंडेनवमीला घटापुढं हत्यारं पुजतात. छाटणीच्या कात्र्या, कोयता, खुरपी. पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही, अशी घरची रीत. म्हणून लालासाहेब बंदुकीचा नुसता दस्ता पाटावर ठेवायचे. नळ्या कपाटातच. "देवाला अर्धी बी चालती. घरात पोरंबाळं हायत," म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी ते गेले. यंदा परवाना वीरधवलच्या नावावर झाला आणि किल्ली त्याच्या करगोट्याला आली.

त्या नवमीला त्यानं कपाटातनं जोडलेली अख्खी बंदूकच काढून पाटावर ठेवली.

"आरं, तुझं वडील..." आक्काताई म्हणाली.

"आई, रिकामी हाय ती. मागं डुकरांवर दोन्ही बार उडवल्यात मी. आन् नुसतं लाकूड पुजलेलं बघून पावणं हसत्यात गं."

"हसू देत की. पावणं जेवून जात्यात, पोर घरातच ऱ्हाती."

त्यानं ऐकलं नाही. नळ्या उघडून आत बघितलंही नाही. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं आणि अंगणात ट्रॅक्टर धुवायला गेला.

दिवस कलला. द्राक्षबागेवर औषधाचा उग्र वास रेंगाळत होता. मग वीज गेली. बोअरची मोटर थांबली, शेजारच्या मळ्यातला स्पीकर थांबला, कुत्रंसुद्धा गप झालं. त्या शांततेत घरातनं आवाज आला.

खट्... खट्.

वीरधवलच्या हातातलं फडकं खाली पडलं. लालासाहेब गेल्यापासनं ते कुलूप कुणी तसं ओढलं नव्हतं. आणि त्या क्षणी त्याला डुकरांची ती रात्र आठवली. पावसाची सर आली होती. एक बार उडाला होता. दुसरा उडवायच्या आधीच तो पळत घरी आला होता, आणि बंदूक तशीच कपाटात टाकली होती.

"सोनम कुठाय?" तो ओरडला.

"देवापुढं खेळतीया," स्वयंपाकघरातनं त्याची बायको संयोगिता म्हणाली. "का वं?"

तो आत धावला. घटापुढची समई जळत होती. पाटावर कात्र्या होत्या, कोयता होता. बंदुकीच्या जागी झेंडूची माळ तेवढी पडलेली. त्याची चार वर्षांची सोनम पाटापुढं मांडी घालून बसली होती. तिच्या मुठीत एक लाल काडतूस होतं. न उडालेलं.

खोलीत बंदुकीच्या तेलाचा वास होता... आणि जर्द्याचा. लालासाहेबांच्या मागं त्या घरात जर्दा कुणी खात नव्हतं.

"पप्पा, मी ती बंदूक वडत हुते," सोनम हळू म्हणाली. "आजोबांनी घेटली... हे पप्पाला दे म्हनले."

आजोबा गेले तेव्हा ती रांगत होती.

वीरधवलनं तिला उचलून छातीशी धरलं. कपाटाला कुलूप होतं. त्यानं कमरेला हात लावला. किल्ली तिथंच होती. त्या रात्री कपाट उघडायचा त्याला धीर झाला नाही.

दसऱ्याच्या सकाळी त्यानं आंघोळ करून कुलूप काढलं. आत नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा. तेलाच्या फडक्याला लालासाहेब मारायचे तशी गाठ. नळ्यांवर आदल्या दिवशी त्यानंच लावलेलं कुंकू. त्यानं गाठ परत बांधली, काडतूस माळ्यावरच्या ट्रंकेत टाकलं, कपाट लावलं, आणि कुलूप दोनदा ओढून बघितलं.

मग आपट्याचं पान घेऊन आईच्या पाया पडायला वाकला. दसऱ्याचं सोनं पहिलं थोरल्या माणसाला द्यायचं असतं. आक्काताईनं हात मागं घेतला.

"मला मागनं दे," ती म्हणाली. "आदी त्यांला..."

वीरधवल कपाटापुढं आला. दाराच्या फटीत त्यानं पान धरलं, अर्धं आत सरकवलं, आणि त्याचा हात थांबला.

उरलेलं अर्धं आतनं कुणीतरी हळूच ओढून घेतलं.