खांडीतली बाई

माझी बायको मालू गेली त्या वर्षी मी बी.ए.ला नाव घातलं. कंपनीतून निवृत्त झालो होतो. रोह्याजवळ वरसेतल्या घरात दिवसभर पंख्याचा आवाज ऐकत बसवत नव्हतं. दूरशिक्षणाचा वर्ग दर रविवारी रोह्यात भरायचा. विषय इतिहास घेतला, कारण अर्थशास्त्रात आकडे होते.

"नातवाला शाळेत सोडायच्या वयात तू कॉलेजात चाललास," मोरू म्हणाला. आम्ही वर्षानुवर्षं एका शिफ्टला होतो. "डिग्री मिळाली की मला कुठं तरी चिकटव."

सर तरुण होते आणि समजेल असं बोलायचे. "एकाने गोष्ट सांगितली तर ती आठवण," ते म्हणाले. "एकमेकांशी न बोललेल्या दोघांनी तीच सांगितली, तर पुरावा."

म्हाताऱ्या माणसांकडून एखाद्या गावची हकिगत घ्यायची, असा प्रकल्प होता. मोरूचं आजोळ पेणजवळ खाडीवर. तिथला खारबांध फार पूर्वी एका उधाणात फुटला होता. बांधाला असं भगदाड पडलं की त्याला तिकडे खांड म्हणतात. पुढची भरती यायच्या आत ती बुजवावी लागते, नाहीतर भातशेती खाऱ्या पाण्याखाली जाते. हाक पडली की घरटी एक माणूस बांधावर येतो. मी हाच विषय घेतला.

मोरूच्या आईची धाकटी काकू, पुतळीआजी, पडवीत सुकट निवडत बसली होती. डोळे अधू, पण आवाज खणखणीत.

"तवा मी नवी नवरी," ती म्हणाली. "चिखलाचे गोळे हातोहात पुढं द्यायचो. खांडीत मधोमध एक बाई हुबी होती, कमरेवर पानी. सगल्यांचा चिखल तिच्याच हातात जायचा. डावरी होती. पदराचं टोक दातात धरून काम करायची."

मी लिहिता लिहिता थांबलो. मालू डावखुरी होती. भाकऱ्या थापताना पदर दातात धरायची.

"नाव काय होतं तिचं?"

"मालू."

मालू नावाच्या बायका पुष्कळ असतात. ही खांड पडली तेव्हा माझी मालू जन्मालाही आली नव्हती. ती रोह्याच्या आतल्या बाजूची, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातली. खाडी तिने एसटीच्या खिडकीतून पाहिलेली तेवढीच.

"हितं भाजल्याचा डाग होता," आजीने स्वतःच्या मनगटाच्या वर बोट ठेवलं. "फणसाच्या पानाएवढा."

तो डाग माझ्यासमोर पडला होता. तापलेला तवा निसटला होता. मी तिचा हात हौदात धरून उभा होतो.

"कोणाच्या घरची होती ती?"

"तीच तर गंमत. आमाला वाटलं काळुरामाच्या घरची. त्यांना वाटलं आमची. भरती आली तवा बांध टिकला, पन ती नव्हती. कोन रडलं नाय. रडनार कोन? कोनाच्याच घरचं मानूस कमी नव्हतं."

परतताना मी घाबरलो नव्हतो, उलट मला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी कोणीतरी मालूबद्दल बोललं होतं, आणि तेही तिच्या आजाराबद्दल नाही.

सरांनी दुसरा साक्षीदार शोधायला सांगितलं. काळुराम रामवाडीला मुलाकडे राहायचा. शेताच्या हद्दीवरून त्याचं पुतळीआजीच्या घराशी जुनं वैर. अर्धं आयुष्य बोलणं नव्हतं.

"पुतळी जिती हाय अजून?" त्याने आधी हेच विचारलं. "मला वाटलं, सवताच्याच जिभेनं मेली आसल."

मी आपण होऊन काही सुचवलं नाही. त्याने सगळं तसंच सांगितलं. डावरी, पदर, डाग, मालू.

"मी तिच्या बाजूलाच होतो," तो म्हणाला. "एकदाच बोलली. म्हनली, पाय गार पडलेत, जरा झाकता का? आता पान्यात पाय कसे झाकनार, तूच सांग."



मालू इस्पितळात शेवटचं हेच बोलली होती. खोलीत मी एकटा होतो. हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. तिच्या पायांवर मी माझी शाल घातली होती.

घरी येऊन मी कपाट उघडलं. शाल दुकानातल्या घडीतच होती, पिशवीसुद्धा फाडलेली नव्हती.

मग मी तो तवा आठवून पाहिला. मालूचा हात दिसला. त्याच्याभोवती चिखल होता. चूल आठवेना, हौद आठवेना. पुतळीआजीचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी मी मालूच्या माहेरी गेलो. तिची धाकटी बहीण बायजा अंगणात वाल सुकत घालत होती. मालू गेली तेव्हा हिला दोघींनी धरून ठेवावं लागलं होतं.

"या दाजी! वाट चुकलात काय?"

"बायजा, मालूच्या हातावरचा डाग कसला होता गो?"

"कोण मालू?"

"अगो, तुझी बहीण."

ती हसली. मी हसत नाही असं पाहून पुन्हा वाल पसरू लागली.

"मला बहीण नाय. भावांच्यात एकटीच मी."

"मग मला दाजी का म्हणतेस?"

वालांवरून फिरणारा तिचा हात थांबला.

"म्हणते खरी," ती म्हणाली.

आणि परका पुरुष समोर आल्यावर घेतात तसा तिने डोक्यावर पदर घेतला.

सर प्रकल्पावर खूश होते. "आता हे पक्कं," ते म्हणाले. "देऊन टाका." मी तो दिला नाही. वर्गालाही जात नाही. आठवतं आहे तोवर हे क्रमाने लिहितो आहे.

काळुराम पावसाळ्यात गेला. मालूबद्दल बोलणारी आता पुतळीआजीच राहिली. म्हणून मी पेणला जातो, पडवीत बसतो आणि विचारतो, "मग पुढं?"

ती सांगते. मालू कशी हसायची. मालू ओठ मिटून काय गुणगुणायची. घरी परतल्यावर मला तेवढंच माहीत असतं.

मागच्या खेपेला ती मध्येच थांबली.

"येवढं इचारतोस, बाला. ती तुझी कोन?"

उत्तर अगदी तोंडाशी होतं. मी ते शोधत राहिलो. समोर पाणी उतरत गेलं, चिखल उघडा पडत गेला.

"ओळखीची," मी म्हणालो.

आजीने मान हलवली आणि पुढचं सांगू लागली.