‘लाव’ म्हणजे काय?

बल्ब बदलणं हे काय सांगण्यासारखं काम आहे, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. तुम्ही माझ्या बायकोला, आम्रपालीला, बल्ब बदलताना पाहिलेलं नाही.

हडपसरला आम्ही भाड्याने रो-हाऊस घेतलं, त्याचा जिना घराच्या आत आहे. खिडकी नाही. भर दुपारीही तिथे अंधार, आणि बंद कपाटासारखा कोंदट वास. एका रविवारी तिथला बल्ब गेला. मी मोठ्या उत्साहाने काढायला गेलो, तर काच हातात आली आणि पत्र्याची टोपी होल्डरमध्येच राहिली.

“खाली उतर, आमोद,” बायको म्हणाली. “जगायचंय ना अजून?”

जिन्याला वर एक, खाली एक अशी दोन बटणं. दिवा बंद आहे की नाही, हे बटणाकडे बघून कळत नाही. म्हणून तिने थेट मेनच पाडला. तरी टेस्टर लावून पाहिलाच. पायात रबरी चपला, कोरडं लाकडी स्टूल, तोंडाला ओढणी, हातात पक्कड. घाई म्हणून नाही. मला मिक्सर लावतानाही धाकधूक होते; हिच्याकडे नुसतं बघत राहावंसं वाटतं.

“स्टूल धर. सोडायचं नाही.”

फ्रिजची घरघर थांबली होती. उजेडासाठी बाहेरचं दार उघडं ठेवलं होतं, पण तो उजेड जिन्यापर्यंत पोचत नव्हता. वर पकडीची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. जिन्याच्या वळणाकडे बघायचं मी टाळत होतो, का ते विचारू नका.

तेवढ्यात वारा सुटला. समोरच्या बांधकामाची धूळ भसकन आत आली.

“लाव ते...” ती ओढणीतून पुटपुटली.

झालं वाटतं काम, म्हणून मी स्टूल सोडून पॅसेजच्या टोकाला गेलो. मेन तिथेच, दाराशेजारी. खटका वर ढकलला.

जाईना. पुन्हा जोर लावला... माझ्या अंगठ्यावर काहीतरी गार टेकलं होतं. बोटं. लांब, गार बोटं, खटका खाली दाबून धरणारी...

“अरे, दार!” ती ओरडली. “दार लाव म्हणतेय! डोळ्यात धूळ जातेय, पक्कड होल्डरमध्ये आहे माझी!”

हात झटकन मागे घेतला. आपल्याकडे दार लावलं की बंद होतं आणि दिवा लावला की चालू. एवढ्याशा शब्दापायी मी बायको गमावून बसलो असतो.

दार लावून मी परत आलो आणि स्टूल धरलं. टोपी निघाली, नवा बल्ब बसला. खाली उतरून मेन तिनेच चढवला, एका बोटाने. जिना उजळला. वळणावर कोणी नव्हतं.

मी तिला मिठीच मारली.

“स्टूल छान धरलंस हं,” ती हसली. “दार लाव म्हटलं तरी जागचा हलला नाहीस, म्हणून तर ओरडले.”

मी वळून मेनकडे बघितलं.

“पण अंधारात मला तुझा एकच हात दिसत होता. दुसरा कुठे होता रे?”