ओट्याची उंची

मुलुंड पूर्वेला, मिठागरांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला आमच्या सोसायटीचे प्लॉट होते. चौऱ्याऐंशी साली त्यातल्या एकावर मी घर बांधायला काढलं. मी वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानदारांची खोटी मापं पकडण्यात दिवस जायचा, त्यामुळे स्वतःच्या बांधकामावर उभं राहायला रविवारशिवाय सवड नव्हती. देखरेखीला माणूस ठेवणं भाग होतं.

शेजारच्या प्लॉटवाल्या अण्णा लोटलीकरांनी एक नाव सुचवलं. "मार्तंडराव म्हणून आहेत. ओव्हरसियर होते, आता रिटायर झालेत. त्यांच्या हाती काम सोपवा आणि निवांत झोपा."

मार्तंडराव आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि दिवसभर सिमेंटमध्ये वावरूनही अंगावर एक डाग नाही. बोलणं अति अदबीचं. असली माणसं मला मुळात आवडत नाहीत, पण गरज माझी होती. त्यांना मी एकच गोष्ट निक्षून सांगितली. "खिडकी वीतभर सरकली तरी चालेल. स्वयंपाकाचा ओटा मात्र तीन फूट उंच हवा. त्यात सूतभरही कमी नको."

हे मृणालिनीसाठी. माझी बायको चांगली उंच, माझ्यापेक्षा दोन बोटं जास्तच. घाटकोपरच्या आमच्या भाड्याच्या जागेतला ओटा कुणा ठेंगण्या बाईच्या बेताचा होता. लग्न झाल्यापासून त्याच्यावर वाकून पोळ्या लाटता लाटता तिची कंबर कामातून गेली होती. रात्री कूस बदलतानासुद्धा कण्हायची बिचारी. नव्या घरात तिनं दुसरं काहीही मागितलं नव्हतं. ताठ उभं राहून स्वयंपाक करता यावा, बस्स.

भिंती उभ्या राहिल्यावर एका रविवारी गेलो, तर ओटा अडीच फुटांचा. मी पुन्हा टेप लावली. अडीचच.

"मार्तंडराव, हे काय आहे?"

"वहिनींच्या मापानं घेतलाय साहेब. त्यांना समोर उभं केलं आणि कोपराच्या हिशेबानं उंची धरली."

"कुठल्या वहिनी?"

"आपल्या."

मृणालिनीनं प्लॉटवर अजून पाऊलही ठेवलं नव्हतं. रिक्षाचे धक्के तिच्या कंबरेला सोसायचे नाहीत. मी धोंडू गवंड्याकडे पाहिलं. देवगडकडचा हा माणूस सरळ होता, खोटं बोलण्यातला नव्हता.

"बाई इली होती ना साहेब," तो म्हणाला. "हयसरच उभी रवली." त्यानं थापीनं जागा दाखवली.

माझं डोकं फिरलं. कुणीतरी आगाऊ बाई येते काय, माझ्या घरात उभी राहते काय, आणि हे शहाणे तिच्या मापानं ओटा घालतात काय! मी तिथल्या तिथे ओटा फोडायला लावला.

पुढच्या खेपेला तो पुन्हा अडीच फूट. शिवाय दाराची कडी खाली आली होती आणि भिंतीतल्या खुंट्याही. नव्या कडाप्प्यावर पोळपाटाएवढी गोल ओली खूण होती. तिच्या कडेला कणकेचे कण वाळले होते. खिडक्यांना अजून तावदानं नव्हती. खाडीकडून खारट वारा सरळ आत येत होता. मी मार्तंडरावांना तोंडाला येईल ते बोललो. ते खाली मान घालून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "वहिनींना विचारा ना साहेब."

घरी येऊन विचारलं. मृणालिनीच्या हातातलं लाटणं थांबलं.

"म्हणजे माझ्याआधी माझ्या स्वयंपाकघरात कुणी दुसरीच राबतेय?" तिचे डोळे भरून आले. "अहो, एवढं एकच तर मागितलं होतं मी."

त्या आठवड्यात तिनं कंबरेचं नाव काढलं नाही. वैद्यांचं तेल लागू पडलं, असं मी धरून चाललो.

रविवारी तिला मुद्दाम बरोबर नेलं. एकदा समोरासमोर होऊनच जाऊ दे म्हटलं. मार्तंडरावांनी हात जोडले आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "या कोण?"

"कोण म्हणजे? ही माझी बायको!"

त्यांनी तिला नखशिखांत न्याहाळलं. धोंडू घमेल्यात बघत राहिला.

"पण साहेब, वहिनी तर आत आहेत."

मी धावत आत गेलो. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. पोळी भाजल्याचा वास मात्र कोंदला होता. कडाप्प्यावर हात ठेवला तर तो गरम लागला.

मार्तंडरावांना मी त्याच क्षणी हाकललं. माझ्या बायकोला माझ्यादेखत "या कोण" म्हणतो! इतका अपमान माझा उभ्या आयुष्यात कुणी केला नव्हता. ते शांतपणे छत्री उचलून निघून गेले.

मग मी रजा टाकली. धोंडूच्या उरावर बसून ओटा नव्यानं घालून घेतला. कडाप्पा पक्का बसेपर्यंत वाळूच्या ढिगाऱ्यावरून हललो नाही. तीन फूट. टेप लावून खात्री केली आणि घराला कुलूप घातलं.

वास्तुशांत झाली. सकाळपासून मृणालिनीची साडी तिच्या पायात येत होती. नवी आहे, नीट बसत नाही, म्हणाली. दुपारी पाहुणे पांगले आणि मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो.

ओटा अडीच फूट होता.

मी मागच्या दारातली पहार आणली. आता मीच फोडणार होतो. गवंडी नको, कुणी नको.

मृणालिनी मध्ये आली.

"काय करताय?"

"हो बाजूला. दिसत नाही तुला? पुन्हा खाली आणलाय त्या नालायकानं!"

"असू दे की. मला बरोबर आहे."

ती ओट्याला लागून उभी राहिली. पाठ ताठ होती. कोपर कडाप्प्याच्या जरा वर, जिथं हवं तिथं.

"तुम्ही उगाच त्या मार्तंडरावांवर डाफरलात," ती म्हणाली. "माझंच तर माप घेतलं होतं त्यांनी."

मी ओरडायला तोंड उघडलं.

पण तेवढ्यात ती पोळपाट मांडायला वळली आणि मला तिचा भांग दिसला. वरून, कपाळापासून पार मागच्या अंबाड्यापर्यंत. इतक्या वर्षांच्या संसारात तो मला तसा कधीच दिसला नव्हता.