पहिल्याच झटक्यात हिरवी खूण

भाऊजी स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकवत होते, आणि खाली खुर्चीत बसलेल्या बाई आपली चौदा वर्षांची नोकरी आज संध्याकाळी पाच वाजता कशी जाणार आहे ते सांगत होत्या.

घड्याळाचं निमित्त असं झालं. बाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा घड्याळ दहाचे ठोके देत होतं, आणि त्यांना बोलावलंही दहालाच होतं. तोवर सगळं ठीक. पण बसता बसता त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि त्यावर दहा वाजून बारा मिनिटं दिसली. भाऊजींनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला. आपल्या घरचं घड्याळ मागे पडतं आणि ते परक्या माणसाला दिसतं, हे त्यांना फार लागलं. त्यांनी मुकाट्याने स्टूल ओढलं.

घर भाऊजींचं, पण पुढच्या खोलीतला धंदा त्यांच्या मेहुणीचा. विमा कंपनीत बावीस वर्षं खोटे दावे पकडून झाल्यावर मेहुणीबाईंनी दारावर ‘खासगी चौकशी’ अशी पाटी लावली आणि भाऊजी आपसूक मदतनीस झाले. मदत म्हणजे दार उघडणं, चहा टाकणं आणि दर वेळी चुकीच्या माणसावर संशय घेणं.

“मी लिफ्ट तपासते,” बाई म्हणाल्या. “निरीक्षक आहे. दोन महिन्यांपूर्वी एका प्रसूतिगृहाची लिफ्ट मी नापास केली. ब्रेकचं अस्तर झिजलं होतं. तसं लिहून दिलं. पंधरा दिवसांनी त्याच लिफ्टला माझ्या नावाने ‘पास’चा दाखला मिळाला, ऑनलाइन. गेल्या सोमवारी ती दुसऱ्या मजल्यावरून सुटली. लिफ्टमन आत होता. कमरेचं हाड मोडलंय.”

“आणि दाखला तुम्ही दिलेला नाही,” समोर बसलेल्या मेहुणीबाई म्हणाल्या.

“दाखला निघाला तेव्हा मी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका लिफ्टच्या खड्ड्यात उभी होते. दाखला निघाला कचेरीतल्या जुन्या कागदांच्या खोलीतून. तिथल्या कॉम्प्युटरवर कुणीही बसतं. पण साहेब म्हणतात, पासवर्ड चोरता येतो, आकडे कसे चोरणार? आकडे तुमच्याच मोबाइलवर येतात, म्हणजे तुम्हीच. पाच वाजेपर्यंत कबुलीवर सही करा, नाहीतर परवाना रद्द.”

“आकडे कसले?” भाऊजींनी स्टुलावरूनच विचारलं.

“तीन महिन्यांपूर्वी नवा नियम आला. नुसत्या पासवर्डवर काम होणार नाही. कॉम्प्युटरवर काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन येतो, तो मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपायचा. मग मोबाइलवर सहा आकडे दिसायला लागतात, दर अर्ध्या मिनिटाला बदलतात. ते टाकले की हिरवी खूण, चुकले की लाल.”

“आणि पासवर्ड?” मेहुणीबाईंनी विचारलं.

“साहेबांचं परिपत्रक आहे. सुरक्षेसाठी सगळ्यांनी आपले पासवर्ड एका वहीत लिहून ठेवायचे. वही टेलिफोनशेजारी असते. दोरीने बांधलेली, चोरीला जाऊ नये म्हणून.”

मेहुणीबाईंनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. “तो चौकोन टिपला त्या दिवशी मोबाइल कुणाच्या हातात होता?”

“मी साइटवरून आले होते, हात ग्रीसने माखलेले. मोबाइल कॉम्प्युटरवाल्यांकडे दिला आणि हात धुवायला गेले. ग्रीस लवकर निघत नाही. परत आले तर ते निघून गेले होते, आप्पा बसले होते. आप्पा म्हणजे आमचे वरिष्ठ निरीक्षक. म्हणाले, झालं तुमचं काम.”

“त्यानंतर ते आकडे तुम्ही किती वेळा वापरलेत?”

बाई थबकल्या. “एकदाही नाही. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला ‘पुन्हा विचारू नये’ अशी खूण करून ठेवली होती. लागलेच नाहीत.”

बाई गेल्यावर भाऊजी म्हणाले, “कॉम्प्युटरवाला. डोळे झाकून सांगतो.”

“तसंच सांगता नेहमी,” मेहुणीबाई म्हणाल्या.

*

साहेबांनी तीनची वेळ दिली होती. दोघं पोचली तर रखवालदार म्हणाला, अजून जेवणाची सुट्टी आहे, बाहेर थांबा. लिफ्ट निरीक्षकांची कचेरी चौथ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद होती. जाळीच्या दारातून आत चिकटवलेला दाखला मात्र स्वच्छ वाचता येत होता: ‘उत्तम स्थितीत.’

“आपण कधी नव्हे ते वेळेआधी आलो,” मेहुणीबाई म्हणाल्या. “भाऊजी, घड्याळाला हात लावलात?”

“मागे पडलं होतं. बाईंच्या मोबाइलवरून लावलं. मोबाइलचं घड्याळ कधी चुकत नाही.”

मेहुणीबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की भाऊजींना आपण काय फोडलं ते कळेना. मग आत सोडल्यावर त्या चौथ्या मजल्यापर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. भाऊजींना वाटलं, दम लागला असेल.

साहेब टेबलामागे बसले होते, पुढे टाइप केलेली कबुली. फक्त सहीची जागा रिकामी.

“यंत्राचं कुणाशी वैर असतं का?” साहेब म्हणाले. “माणूस खोटं बोलतो, यंत्र बोलत नाही.”

“बाई चौदा वर्षांत किती वेळा खोटं बोलल्या?” मेहुणीबाईंनी विचारलं.

“तशी नोंद नाही.”

“किती वेळा उशिरा आल्या?”

“एकदाही नाही. पण त्याचा इथे काय संबंध?”

“लिफ्टमनला कुणी भेटून आलं?”

“तो आमच्या खात्यात येत नाही,” साहेब म्हणाले. भाऊजींची कानशिलं तापली. वर्गात असं उत्तर आलं असतं तर त्यांनी मुलाला बाकावर उभं केलं असतं.

कॉम्प्युटरवाला बोलावल्यासरशी घाबराघुबरा आला. कंत्राटी माणूस, सहा कचेऱ्या सांभाळणारा. “सात जणांचं बिनबोभाट झालं, बाईंचंच अडलं. चौकोन त्यांच्या मोबाइलने टिपला, आकडे दिसले. टाकले तर लाल. पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही लाल. इंटरनेटला नावं ठेवावीत, तर या आकड्यांना इंटरनेट लागतच नाही. दुसऱ्या कचेरीतून फोनावर फोन येत होते. आप्पांना म्हटलं, बघा जमतंय का, आणि निघालो.”

“तीनदा हरला आणि पळाला,” साहेब म्हणाले. “हा असला कारभार.”

भाऊजींनी मेहुणीबाईंना डोळ्याने खुणावलं: बघा, मी म्हटलं नव्हतं? मेहुणीबाईंचं लक्ष नव्हतं.

आप्पा आपल्या टेबलाशी भेटले. पांढऱ्या मिशा, गोड बोलणं, मागे बर्फाच्या डोंगराचं कॅलेंडर. भाऊजी डोंगर ओळखण्यात गुंतले. डोंगराखाली एका लिफ्ट-दुरुस्तीवाल्यांचं नाव होतं.

“जावई देतो दरवर्षी,” आप्पा म्हणाले. “बाईंचं म्हणाल तर फार वाईट वाटतं हो. लेकीसारखी आहे. पण यंत्रापुढे आपण काय बोलणार?”

“त्या दिवशी आकडे तुम्ही टाकलेत?”

“मीच. हल्लीच्या पोरांना धीर नसतो. तिच्या मोबाइलवरचे आकडे वाचले, टाकले, पहिल्याच झटक्यात हिरवी खूण.”

“मोबाइलमध्ये दुसरं काही बदललंत? काही सुरू-बंद केलंत?”

“छे. मला त्यातलं काय कळतंय? नुसते आकडे वाचले.”

“छान,” मेहुणीबाई म्हणाल्या.

*

साडेचार वाजता साहेबांच्या खोलीत सगळी जमली. मेहुणीबाईंनी आधी सर्वांचे मोबाइल टेबलावर ठेवायला लावले. बोलताना वाजू नयेत म्हणून, असं सांगितलं.

“साहेब, तुमच्या कॉम्प्युटरवर बाईंचं खातं उघडा. पासवर्ड वहीत आहेच. आकडे त्यांच्या मोबाइलवरून तुम्ही स्वतः वाचा.”

साहेबांनी चष्मा लावून सहा आकडे टाकले. लाल. पुन्हा टाकले. लाल. तिसऱ्यांदा त्यांनी एकेक आकडा मोठ्याने म्हणत टाकला. लाल.

“यंत्र बिघडलंय,” साहेब म्हणाले.

“म्हणजे यंत्र बिघडतंही तर. मघापर्यंत ते देवाचा अवतार होतं. तसं बिघडलेलं काहीच नाही. बाईंचा मोबाइल बघा आणि भिंतीवरचं घड्याळ बघा.”

भिंतीवर चार पस्तीस झाले होते. मोबाइलवर चार सत्तेचाळीस.

“ते मीच पुढे ठेवते,” निरीक्षकबाई म्हणाल्या. “नोकरीला लागले तेव्हापासून बारा मिनिटं पुढे. मनगटावर घड्याळ होतं तेव्हाही. म्हणून कधी उशीर होत नाही.”

“आणि म्हणूनच तो दाखला तुम्ही दिलेला असणं शक्य नाही,” मेहुणीबाई म्हणाल्या. “साहेब, नीट ऐका. मोबाइल आणि तिकडचं यंत्र एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून तर इंटरनेट लागत नाही. चौकोन टिपला की दोघांकडे एकच गुपित येतं, आणि मग दोघं आपापल्या घड्याळात बघून आकडे काढतात. घड्याळं जुळली तर आकडे जुळतात. बाईंचा मोबाइल बारा मिनिटांनंतरचे आकडे आत्ताच दाखवतो. त्या मोबाइलने आजवर एकदाही हिरवी खूण मिळवलेली नाही.”

भाऊजींना एकदम सकाळचं स्टूल आठवलं आणि ते घड्याळ नसलेल्या भिंतीकडे पाहू लागले.

“पण नोंदणी तर झाली,” साहेब म्हणाले.

“झाली, म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी मोबाइलवर झाली. चौकोन पडद्यावर असेपर्यंत तो कितीही मोबाइलनी टिपता येतो, सगळ्यांवर तेच आकडे येतात. आता दोघांच्या जबान्या बघा. एकाने सांगितलं, बाईंच्या मोबाइलचे आकडे टाकले, तीनदा लाल. आत्ता तुम्हालाही तीनदा लालच मिळालं. तो खरं बोलला, म्हणून तुम्ही त्याला नालायक ठरवलंत. दुसऱ्याने सांगितलं, त्याच मोबाइलचे आकडे वाचले, काहीही न बदलता, आणि पहिल्याच झटक्यात हिरवी खूण. ते होऊच शकत नाही. आप्पा, तुमच्या मोबाइलवर आकड्यांच्या ओळी किती आहेत?”

आप्पांनी मोबाइलकडे हात नेला. भाऊजींचा हात त्यावर आधीच होता. आयुष्यात प्रथमच ते योग्य माणसाजवळ बसले होते.

“उघडा,” साहेब म्हणाले.

दोन ओळी होत्या. एक आप्पांची. दुसरीचे आकडे साहेबांनी टाकले, आणि पहिल्याच झटक्यात बाईंचं खातं उघडलं.

“मी तिची सोयच केली होती,” आप्पा म्हणाले. “तिच्या मोबाइलवर जमेना, म्हणून माझ्या मोबाइलवर करून टाकलं. वाईट हेतू नव्हता.”

“त्या दिवशी नव्हता,” मेहुणीबाई म्हणाल्या. “त्या दिवशी तुम्ही नुसते कंटाळला होतात. म्हणून तर बाईंना आकडे लागू नयेत अशी खूणही करून ठेवलीत. किल्ली राहिली खिशात. पुढे जावयाचा फोन आला तेव्हा आठवली. बाई, त्या प्रसूतिगृहाच्या लिफ्टची देखभाल कोण करतं?”

निरीक्षकबाईंनी उघड्या दारातून आप्पांच्या टेबलामागच्या बर्फाच्या डोंगराकडे पाहिलं. “तिथेही हेच कॅलेंडर लावलंय.” मग त्या आप्पांकडे वळल्या. आवाज चढला नाही. “ब्रेकचं अस्तर बोटाने चाचपायला तुम्ही शिकवलंत मला. म्हणाला होतात, डोळ्यावर जाऊ नकोस, बोट घाल. आणि तुम्ही न बघता माझं नाव घातलंत.”



साहेबांनी कबुलीचा कागद हळूच खणात सरकवला. “झालं ते झालं. मनाला लावून घेऊ नका. घड्याळ तेवढं बरोबर लावा म्हणजे झालं.”

“घड्याळाचं मी बघते,” निरीक्षकबाई म्हणाल्या. “तो कागद खणातून काढा आणि फाडा. आणि दुसरा लिहा, की दाखला माझा नव्हता आणि कचेरीने न विचारता मला दोषी धरलं. सहीशिक्क्यासह. लिफ्टमनला भेटायची वेळ पाचला सुरू होते. तो मला म्हणाला, तुमचं नाव वाचून आत शिरलो मी. त्याला वाचून दाखवायचंय.”

“उद्या सावकाश टाइप करून...”

“कबुली टाइप करायला तुम्हाला उद्या लागला नव्हता,” भाऊजी म्हणाले. आपण बोललो हे त्यांना नंतर कळलं.

साहेबांनी लिहिलं. शिक्का उमटला तेव्हा निरीक्षकबाईंच्या मोबाइलवर पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. म्हणजे त्या वेळेत होत्या.

चार मजले उतरून निरीक्षकबाई बंद लिफ्टपाशी थांबल्या. जाळी सरकवली, आत हात घातला आणि ‘उत्तम स्थितीत’चा दाखला सोलून काढला. खाली सही आप्पांची होती.

“भाऊजी, एवढं साहेबांना देऊन याल?” म्हणाल्या, आणि पत्र छातीशी धरून दवाखान्याच्या दिशेने झपाझप चालू लागल्या.

भाऊजींनी जिन्याकडे वर पाहिलं.

“जा,” मेहुणीबाई म्हणाल्या. “घाई नाही. आपलं घड्याळ बारा मिनिटं पुढे आहे.”